जोडबीडचे गरुड

गरुडावर बोलायचं म्हटलं की निम्मं सभागृह एका गोष्टीची वाट बघत असतं, म्हणून ती आधीच सांगून मोकळा होतो. गरुड म्हणे सत्तर वर्षं जगतो. चाळिशीत चोच वाकते, नख्या बोथट होतात. मग तो डोंगरावर जाऊन खडकावर चोच आपटून फोडतो, नवी आली की तिनेच नख्या आणि पिसं उपटतो, आणि पाच महिन्यांनी नव्याने झेप घेतो. सेल्सच्या ट्रेनिंगला आणि दहावीच्या निरोप समारंभाला ही गोष्ट ठरलेली.

यातलं काहीही खरं नाही. चोचीच्या आत हाड असतं आणि वर आपल्या नखांसारखं केराटिनचं आवरण. ते जन्मभर वाढतं, जन्मभर झिजतं. पिसंही थोडी थोडी गळून नवी येतात, म्हणजे उडणं थांबत नाही. चोच फुटली तर मांस फाडता येणार नाही. पाच महिने कुठले, गरुड उपाशी मरेल. वयाचं म्हणाल, तर ओळखीसाठी पायात कडी घातलेला एक अमेरिकन गरुड, पांढऱ्या डोक्याचा, २०१५ साली न्यूयॉर्क राज्यात गाडीच्या धडकेने मेला. तो ३८ वर्षांचा होता, आणि रानातल्या त्या जातीत तेव्हा तोच विक्रम होता.

गरुडाचं खरं हत्यार चोच नव्हेच. तो मारतो पायांनी. मागच्या बोटाची नखी सगळ्यात दणकट, आणि पकड बसली की बोटांतले स्नायुबंध खाचांमध्ये अडकतात. मूठ आवळून धरायला फारशी ताकद लागत नाही. चोच येते नंतर, फाडायला. डोळे जवळजवळ आपल्याएवढे मोठे, पण प्रत्येकात तीक्ष्ण नजरेचे दोन बिंदू, एक समोरसाठी, एक बाजूसाठी. आपल्याला एकच असतो. मादी नरापेक्षा मोठी. हे का, यावर पक्षीतज्ज्ञ अजून भांडतायत, आपण त्यात नको पडायला.

आता त्या गोष्टीचं दुसरं शेपूट: ‘गरुड मेलेलं खात नाही.’ हे ज्याला खरं वाटतं त्याने हिवाळ्यात बिकानेरजवळ जोडबीडला जावं. तिथे मेलेली गुरं आणि उंट आणून टाकतात. कझाकस्तान, मंगोलियाकडच्या गवताळ प्रदेशातून आलेले स्टेपी गरुड तिथे गिधाडांच्या आणि भटक्या कुत्र्यांच्या गर्दीत बसलेले दिसतात. उन्हाळ्यात हाच पक्षी मायदेशी जमिनीवरच घरटं करतो आणि बिळातल्या खारींवर जगतो. आफ्रिकेत हिवाळा काढणारे त्याचे भाऊबंद पाऊस पडला की जमिनीवर चालत चालत पंखवाली वाळवी वेचतात. हो, वाळवी! आकाशाचा राजा वगैरे म्हणतो आपण ज्याला, तो.

मला यात काही कमीपणा वाटत नाही. पंख मारत उडणं त्याला महागात पडतं, म्हणून तो सकाळी ऊन तापेपर्यंत बसून राहतो आणि मग गरम हवेच्या झोतावर गोल गोल वर चढतो. हजारो किलोमीटरचा प्रवास असाच, शक्ती वाचवत. अशा पक्ष्याला आयतं मांस मिळालं तर तो खाणारच. शिकार फसण्याचंच प्रमाण जास्त असतं.

पण त्या आयत्या मांसातच धोका आहे. डायक्लोफिनॅक हे दुखणं कमी करणारं औषध टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे आता बहुतेकांना माहीत आहे. गुरांसाठी ते औषध आपल्याकडे २००६ साली बंद झालं. तरीही २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात राजस्थानातल्या अशाच जागी मेलेल्या दोन स्टेपी गरुडांच्या शरीरात डायक्लोफिनॅक सापडलं. म्हणजे हे विष गिधाडांपुरतं नाही. पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, स्टेपी गरुड धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत संकटग्रस्त ठरला. त्याला कारणं बरीच आहेत, विजेच्या तारांपासून नांगरल्या गेलेल्या गवताळ जमिनीपर्यंत.

२०२३ मध्ये केंद्राने गुरांसाठी ॲसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन ही दुखण्यावरची आणखी दोन औषधंही बंद केली. ॲसिक्लोफिनॅकचं गुरांच्या शरीरात डायक्लोफिनॅकच होतं, म्हणून ही बंदी गरजेची होती. मेलोक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय आहे आणि तो बाजारात मिळतो. इथे ज्यांच्या घरी गुरं आहेत त्यांनी पुढच्या खेपेला डॉक्टर इंजेक्शन काढतील तेव्हा बाटलीवरचं नाव वाचावं, आणि खटकलं तर सरळ विचारावं.