पंचांना प्रश्न विचारताना

(दृश्य : पहिला बेस. फेक बाजूला जाते, क्षेत्ररक्षक ताणून चेंडू पकडतो, पंचांची मूठ वर जाते.)

बेसबॉलचा सामना चालू आहे. शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाने) चेंडू उचलून पहिल्या बेसकडे, म्हणजे धावपटूने गाठायच्या पहिल्या थांब्याकडे फेकला, फेक हातभर बाजूला गेली, ती पकडण्यासाठी क्षेत्ररक्षकाला शरीर ताणावे लागले आणि धावपटू बाद होण्यासाठी त्याचा जो पाय बेसवर टेकलेला हवा, तो त्या ओढीत क्षणभर सुटला. निदान डगआउटमध्ये (मैदानालगतच्या संघाच्या बसण्याच्या जागेत) उभ्या असलेल्या प्रशिक्षकाला तरी तसे दिसले. पंचांनी धावपटूला बाद दिले. या वेळी प्रशिक्षकाच्या मनात दोन गोष्टी एकदमच उठतात : हक्काचा बेस हातचा गेल्याचा राग, आणि पंचांना तो पाय दिसलाच नसावा ही शंका. राग घेऊन मैदानात उतरण्याची मुभा बेसबॉलचे नियम कोणालाही देत नाहीत. शंकेला मात्र त्यांनी स्वतःच वाट ठेवली आहे, आणि ती वाट नेमकी कशी आहे हे अनेक प्रशिक्षकांना वर्षानुवर्षे खेळात राहूनही नीट ठाऊक नसते.

पंचांच्या जागी क्षणभर उभे राहून पाहू. पहिल्या बेसवरचा निर्णय देताना पंच नजर बेसवर ठेवतात आणि चेंडू हातमोज्यात आदळल्याचा आवाज कानांनी टिपतात, कारण पाय आणि चेंडू या दोन्ही गोष्टी डोळ्यांनी एकाच वेळी पाहणे शक्य नसते. फेक सरळ आली तर ही पद्धत उत्तम चालते. फेक भरकटली की नजर तिच्यामागे जाते, आणि नेमका तेव्हाच पाय सुटण्याचा संभव सर्वांत जास्त असतो. दोनच पंच असलेल्या सामन्यात होम प्लेटवरचे (फलंदाज जिथे उभा राहून खेळतो तिथले) पंच फलंदाजाच्या मागोमाग पहिल्या बेसच्या रेषेने काही पावले पुढे येतात, त्यामुळे तो पाय कदाचित त्यांना दिसलेला असतो. म्हणूनच या प्रसंगी विचारण्याजोगा प्रश्न ‘तुम्ही चुकलात का?’ हा नसून ‘त्याचा पाय बेसवर राहिलेला तुम्हाला दिसला का, आणि तसे नसेल तर आपल्या सहकाऱ्याला विचाराल का?’ हा आहे.

(दृश्य : नियमपुस्तकाचे पान, त्यावरून सरकणारे बोट.)

व्यावसायिक बेसबॉलच्या अधिकृत नियमांत ८.०२ हे कलम या संपूर्ण विषयाचा पाया आहे. चेंडू फेअर (हद्दीत) की फाउल (हद्दीबाहेर), पिच म्हणजे फलंदाजाकडे टाकलेला चेंडू स्ट्राइक (योग्य पट्ट्यातून गेलेला) की बॉल (पट्ट्याबाहेरचा), धावपटू बाद की सेफ (नाबाद), असे जे निर्णय पंचांच्या पाहण्यावर आणि अंदाजावर अवलंबून असतात, ते अंतिम असतात आणि त्यांना कोणीही आक्षेप घेऊ नये, असे हे कलम सांगते. मात्र दिलेला निर्णय नियमांशीच विसंगत असल्याची रास्त शंका असेल, तर मॅनेजरला, म्हणजे संघाच्या मुख्य प्रशिक्षकाला, तो दुरुस्त करण्याची विनंती करता येते, आणि ही विनंती ज्या पंचांनी निर्णय दिला त्यांच्याकडेच करावी लागते. त्या पंचांनी विचारल्याखेरीज दुसऱ्या पंचांना त्यांच्या निर्णयात हस्तक्षेप करता येत नाही. दुसऱ्या बेसवरचा निर्णय पटला नाही म्हणून होम प्लेटवरच्या पंचांकडे धाव घेणारा प्रशिक्षक, त्याचा मुद्दा कितीही योग्य असला तरी, चुकीच्या दाराशी उभा असतो.

स्ट्राइक आणि बॉल यांबाबत नियम अधिकच कडक आहे. त्यावर वाद घालण्यासाठी डगआउट सोडणेच वर्ज्य आहे. ताकीद मिळूनही कोणी होम प्लेटच्या दिशेने निघाले, तर त्याला सामन्यातून बाहेर काढले जाते. अर्धवट फिरवलेल्या बॅटचा प्रसंग तेवढा वेगळा मानला आहे. पंचांनी ती पिच बॉल ठरवली असेल, तर बेसवरच्या पंचांचे मत घ्यावे अशी विनंती मॅनेजर किंवा कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू पकडणारा खेळाडू) करू शकतो. पिच स्ट्राइक ठरवली गेली असेल, तर ही सोय नाही.

नियमाच्या प्रश्नात किती बळ असते हे पाहण्यासाठी २४ जुलै १९८३ या दिवशी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर झालेला सामना आठवावा लागेल. नवव्या इनिंगमध्ये कॅन्सस सिटी रॉयल्सच्या जॉर्ज ब्रेट यांनी दोन धावांचा होम रन मारून आपल्या संघाला ५–४ अशी आघाडी मिळवून दिली. यांकीजचे मॅनेजर बिली मार्टिन पंचांशी हुज्जत घालण्यासाठी प्रसिद्ध होते, पण त्या दिवशी त्यांनी आरडाओरडा केला नाही. पकड घट्ट राहावी म्हणून बॅटला लावलेला डांबरासारखा चिकट पदार्थ मुठीच्या टोकापासून १८ इंचांच्या मर्यादेपुढे गेला आहे, हा एकच मुद्दा त्यांनी मांडला. होम प्लेटची रुंदी १७ इंच असते, म्हणून पंच टिम मॅक्लेलंड यांनी बॅट तिच्यावर आडवी ठेवून पाहिली आणि ब्रेट यांना बाद ठरवले. ब्रेट डगआउटमधून संतापाने पंचांवर धावून आले, ते दृश्य आजही सर्वत्र दाखवले जाते. त्यांच्या त्या धावून येण्याने निर्णयाचा एक शब्दही बदलला नाही. बदलला तो रॉयल्सने नंतर रीतसर नोंदवलेल्या तक्रारीमुळे. अशी बॅट खेळातून काढून घ्यावी, पण त्यासाठी फलंदाजाला बाद देणे नियमाच्या हेतूला धरून नाही, असा निकाल अमेरिकन लीगचे अध्यक्ष ली मॅकफेल यांनी दिला, होम रन पुन्हा मान्य झाला आणि उरलेला सामना १८ ऑगस्टला खेळवून रॉयल्सने तो जिंकला. या एकाच प्रकरणात दोन्ही संघांना जे काही मिळाले, ते नेमक्या मुद्द्याने मिळाले.

याउलट १९८५ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेची, मेजर लीगची, अंतिम मालिका. सहाव्या सामन्याच्या नवव्या इनिंगमध्ये सेंट लुई कार्डिनल्स १–० असे पुढे असताना पंच डॉन डेन्किंगर यांनी पहिल्या बेसवर होर्हे ओर्टा यांना सेफ दिले. चित्रफितीत ते बाद असल्याचे स्पष्ट दिसते. कार्डिनल्स तो सामना २–१ असा हरले. त्यांचा रोष समजण्यासारखा होता आणि अन्याय खराच होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दुसऱ्या दिवशी, डेन्किंगर होम प्लेटवर उभे असताना, तो रोष संघाबरोबर मैदानात आला. मॅनेजर व्हाइटी हर्झॉग आणि पिचर वाकीन अँडुहार या दोघांनाही बाहेर काढले गेले आणि कार्डिनल्स ११–० असे हरले. आदल्या दिवशीचा एक चुकलेला निर्णय आणि दुसऱ्या दिवशीच्या अकरा धावा यांचा सरळ संबंध जोडता येणार नाही. तरीही निर्णायक सामन्यात आपल्या मॅनेजरला बाहेर जाताना पाहणाऱ्या खेळाडूंचे लक्ष कशावर राहिले असेल, याचा विचार प्रत्येक प्रशिक्षकाने करावा असे मला मनापासून वाटते.

(दृश्य : प्रशिक्षक डगआउटच्या पायरीवर थांबतो, हात उंचावतो, परवानगी मिळाल्यावर चालत निघतो.)

आता प्रत्यक्ष मैदानात जाऊ. खेळ चालू असताना काहीही विचारायचे नसते, कारण चेंडू जिवंत असेपर्यंत धावपटू पुढचा बेस घेऊ शकतो आणि पंचांची नजर तिथेच असायला हवी. हालचाल थांबली की टाइम (खेळ थांबवण्याची परवानगी) मागावा आणि तो मिळाल्यावरच निघावे. पुढची पिच टाकली गेली, तर बहुतेक आक्षेपांची मुदत संपलेली असते, म्हणून उशीरही परवडत नाही. लहान मुलांच्या लिटल लीगमध्ये तर पंचांच्या परवानगीशिवाय प्रशिक्षकाला डगआउट सोडताच येत नाही. एका संघातून एकच माणूस जावा. साहाय्यक आणि खेळाडू मागून ओरडत असतील, तर पुढे गेलेल्याच्या शांतपणाला काही किंमत उरत नाही. धावत जाऊ नये, चालत जावे. त्या चालण्यात स्वतःचा श्वास सावरतो आणि समोरच्यालाही तयार व्हायला वेळ मिळतो.

समोरासमोर छातीला छाती भिडवून उभे राहण्याऐवजी पंचांच्या शेजारी, दोघांचीही नजर मैदानाकडे राहील असे उभे राहणे केव्हाही चांगले, कारण प्रेक्षकांच्या दृष्टीने मग ते भांडण राहत नाही आणि पंचांना आपली बाजू राखण्यासाठी ताठर व्हावे लागत नाही. बोट रोखू नये, मातीत पायाने रेघ ओढून पिच कुठून गेली हे दाखवू नये. पहिले वाक्य प्रश्नाचे असावे : ‘आपल्याला तिथे काय दिसले?’ उत्तर पूर्ण ऐकावे. ‘टॅग (चेंडूसह धावपटूला केलेला स्पर्श) वेळेत लागला, पण चेंडू हातमोज्यातून सुटला असे मला वाटले, आपल्या सहकाऱ्याला वेगळ्या कोनातून दिसले असेल, तर विचाराल का?’ अशी विनंती पंच मान्य करू शकतात, कारण तिच्यात त्यांच्या सचोटीवर शंका नाही. ‘दोन्ही संघांना सारखा न्याय द्या’ हे वाक्य वरवर सौम्य आहे, पण ते पक्षपाताचा आरोप करते. ते उच्चारल्यावर मूळ प्रश्न संपतो. आणि पंच ‘मला स्पष्ट दिसले आहे’ असे म्हणाले, तर आभार मानून परतावे, कारण मदत मागायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्यांचाच आहे.

मेजर लीगमध्ये आज यातला बराच भाग कॅमेऱ्यांनी उचलला आहे. २००८ मध्ये केवळ होम रनसाठी चित्रफीत पाहण्याची सोय आली, २०१४ पासून मॅनेजरला इतर अनेक निर्णयांना आव्हान देता येऊ लागले, आणि २०२६ च्या हंगामापासून स्ट्राइक-बॉलच्या निर्णयालाही आव्हान देता येते. पण तो अधिकार पिचर, कॅचर आणि फलंदाज या तिघांपुरताच आहे, डगआउटमधल्या कोणालाही नाही. शाळांच्या आणि मुलांच्या मैदानांवर असा कॅमेरा नसतो. तिथे दोन पंच असतात, काही वेळा एकच असतो, आणि तो अनेकदा खेळाडूंपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा, नुकताच हे काम शिकू लागलेला तरुण असतो.

(दृश्य : रिकामे मैदान, होम प्लेटवर संघांची यादी देणारा हात.)

२ जून २०१० रोजी डेट्रॉइटमध्ये पिचर आर्मांडो गॅलारागा यांनी सलग २६ फलंदाज बाद केले होते. सत्ताविसाव्याला, जेसन डोनाल्ड यांना, पंच जिम जॉयस यांनी पहिल्या बेसवर सेफ दिले आणि परिपूर्ण सामना, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांपैकी एकालाही बेसवर पोहोचू न देता सर्व २७ फलंदाज बाद करण्याचा पराक्रम, हुकला. गॅलारागा यांचे मॅनेजर जिम लेलंड यांनी मैदानात जाऊन त्याच दिवशी वाद घातला. निर्णय बदलला नाही. चित्रफीत पाहिल्यावर जॉयस यांनी चूक उघडपणे मान्य केली आणि गॅलारागा यांची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी होम प्लेटवर जॉयस यांचीच पाळी होती. त्या दिवशी संघाची यादी घेऊन त्यांच्यासमोर मॅनेजर नव्हे, तर स्वतः गॅलारागा गेले. जॉयस यांनी डोळे पुसत ती यादी हातात घेतली, आणि सामना सुरू झाला.