सत्त्याऐंशीने भागलेला मुलूख

(दृश्य : स्टीलचे ताट, त्यावर धरलेली चहाची गाळणी, गाळणीत पांढरी रांगोळी.)

ताटात पडते आहे ती रांगोळी दारात काढण्यासाठी नाही. ही दगडी भुकटी आधी चहाच्या गाळणीतून आणि मग मैद्याच्या चाळणीतून जाते. गाळणीवर राहिलेले जाडे कण बाजूला काढले जातात, मैद्याच्या चाळणीतून खाली गेलेली पूड दुसऱ्या डब्यात पडते, आणि या दोन्हींच्या मधले, म्हणजे गाळणीतून सुटलेले पण चाळणीवर अडलेले कण तेवढे कामाचे ठरतात. काळ्या पोस्टर रंगात थोडा तपकिरी मिसळून त्या पाण्यात हे कण भिजवले आणि वर्तमानपत्रावर पसरून वाळवले, की रुळांखाली घालायची खडी तयार होते.

सांगलीच्या गावभागातील या माडीवर जी छोटी, नमुन्याची रेल्वे धावते, तिच्या मालकांना गल्लीत सगळे काका म्हणतात. आपणही तेच म्हणू. काकांनी आयुष्यभर फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यांच्यावरून घडवतात ते नमुने, तयार केले. बिडाचे ओतकाम थंड होताना साधारण एक टक्क्याने आकसते, म्हणून पॅटर्नमेकरची मोजपट्टी मुळातच थोडी लांब आखलेली असते आणि तिच्यावरचा एक फूट खऱ्या फुटापेक्षा किंचित मोठा भरतो. पट्टीवरचा आकडा एक आणि प्रत्यक्षातली लांबी दुसरी, या हिशेबाला सरावलेल्या माणसाने निवृत्तीनंतर छोट्या रेल्वेचा नाद धरला, तेव्हा सर्वांत आधी रूळ किंवा इंजिन न आणता एक मोजपट्टी तयार केली, यात नवल नाही.

छोट्या रेल्वेच्या, जगभर सर्वाधिक प्रचलित असलेल्या एचओ नावाच्या प्रमाणात खऱ्या वस्तूची लांबी 87 ने भागली जाते, आणि त्यामुळे एक फूट साडेतीन मिलिमीटरचा होतो. काकांनी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर दर साडेतीन मिलिमीटरला एक रेघ कोरली आहे. सात फुटांचे दार हवे असेल तर सात रेघा मोजायच्या. भागाकार करत बसायचे नाही. या खोलीत शिरणाऱ्या प्रत्येक वस्तूला, मग ती खोक्याचा पुठ्ठा असो, बोल्ट असो की द्राक्षाचा देठ, आधी या पट्टीशेजारी उभे राहावे लागते. रेल्वेमार्गावरची खडी साधारणपणे 20 ते 65 मिलिमीटरची असते. तिला 87 ने भागले की पाव ते पाऊण मिलिमीटर उरतात, आणि गाळणी व मैद्याची चाळणी यांच्या मध्ये नेमके याच मापाच्या आसपासचे कण सापडतात.

(दृश्य : नऊ मिलिमीटर रुंदीचा रूळ, शेजारी काकांची पट्टी.)

काकांनी निवडलेला मार्ग आहे तो मिरजेहून पंढरपूरकडे जाणारा, बार्शी लाइट रेल्वेचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची ही अडीच फुटी रेल्वे 1897 साली बार्शीला सुरू झाली आणि वाढत वाढत 1927 साली मिरजेला येऊन टेकली. रुंद, मीटर आणि नॅरो अशा तिन्ही गेजच्या गाड्या एका काळी मिरज जंक्शनात उभ्या राहत, हे सांगितले तर आजच्या मुलांना खरे वाटत नाही. पुढे त्या मार्गाचे रुंदीकरण झाले आणि 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला पाणी नेणारी ‘जलदूत’ मिरजेहून निघाली, ती पंढरपूर-कुर्डुवाडीमार्गे याच दिशेने गेली.

ही निवड केवळ आठवणींपोटी झालेली नाही. अडीच फूट म्हणजे 762 मिलिमीटर; 87 ने भागल्यावर पावणेनऊच्या आसपास येतात. एचओपेक्षा लहान अशा एन प्रमाणाचा बाजारात मिळणारा रूळ नऊ मिलिमीटरचा असतो. म्हणजे एका प्रमाणातला मोठ्या गाडीचा रूळ दुसऱ्या प्रमाणात बार्शी लाइटचा रूळ म्हणून जवळजवळ जसाच्या तसा बसतो. याउलट आपली ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरची असल्याने एचओमध्ये तिला सव्वाएकोणीस मिलिमीटरचा रूळ लागतो आणि मिळतो तो साडेसोळाचा. तो फरक निमूटपणे पोटात घालावा लागतो. शिवाय नऊ मिलिमीटरचा रूळ दोन फूट रुंदीच्या फळीत सहज वळतो, ही गोष्ट सांगलीत किती महत्त्वाची ठरली ते लवकरच दिसेल.

आधी खडीचा प्रश्न पुरा करू. साऱ्या दख्खनचा दगड काळा असताना आणि क्रशरवर त्याची कच जवळपास फुकट मिळत असताना रांगोळी रंगवण्याचा खटाटोप कशासाठी, असे कोणीही विचारील. काका उत्तर देत नाहीत. जुन्या स्पीकरचे लोहचुंबक ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतात आणि कृष्णेच्या वाळूतून एकदा फिरवतात. पिशवीला काळ्या कणांची दाढी फुटते. आपल्या बेसाल्टमध्ये लोहयुक्त मॅग्नेटाइट असते, आणि इंजिनाच्या मोटरमध्येही चुंबक असते. रुळांत सैल राहिलेला असा एखादा कण मोटरमध्ये ओढला गेला, की महागडी वस्तू बंद पडते. रांगोळीच्या पांढऱ्या दगडाला चुंबक ओढत नाही. रुळांपासून दूर, ओढ्याच्या पात्रात किंवा पायवाटेवर, ते नदीची वाळू खुशाल वापरतात.

खडी पसरणे सोपे असते, चिकटवणे अवघड. एक भाग फेव्हिकॉल आणि दोन भाग पाणी असे मिश्रण औषधाच्या ड्रॉपरने सोडले, तर पहिला थेंब खडीवर मण्यासारखा गोल उभा राहतो आणि घरंगळताना कण अंगावर गोळा करून घेतो. मागे उरतो तो खड्डा. त्याच मिश्रणात भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचा एक थेंब मिसळला, खडीवर आधी पाण्याचा हलका फवारा मारला, आणि मग ड्रॉपर टेकवला, तर थेंब उभा न राहता टिपकागदात शिरावा तसा आत उतरतो. रात्रभर हात लावायचा नाही.

(दृश्य : भिंतीवरची पुराच्या पाण्याची रेघ.)

ही काकांची दुसरी रेल्वे आहे. पहिली तळमजल्यावर होती. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली, त्या वेळी रूळ आणि इंजिने पिशवीत घालून वर नेता आली, पण सहा फुटांची अखंड फळी जिन्यात वळेना. पाणी ओसरल्यावर सापडला तो पुठ्ठ्याचा लगदा, कारण साधा पांढरा फेव्हिकॉल पाण्यात पुन्हा मऊ पडतो; पुठ्ठ्यावर आखलेली पहिली मोजपट्टीही त्यातच गेली. आताची रेल्वे तीन फूट बाय दोन फुटांच्या दोन फळ्यांवर आहे. मधले दोन बोल्ट काढले, की एकटा माणूस एकेक फळी काखेत घेऊन जिना चढू शकतो.

डोंगर उभारण्याची विद्या मात्र कोणाकडून शिकावी लागली नाही. सातारा-सांगलीकडच्या प्रत्येक मुलाने दिवाळीत विटांवर पोते टाकून, त्यावर चिखलाचा राडा थापून आणि अळीव पेरून किल्ला केलेला असतो. कागदी पट्ट्यांच्या जाळीवर प्लॅस्टरमध्ये बुडवलेले कापड पसरण्याची जी पद्धत परदेशी छांदिष्ट वापरतात, ती म्हणजे चिखलाऐवजी प्लॅस्टर घातलेला आपला किल्लाच होय. फरक इतकाच, की किल्ल्याला दिवाळीपुरते टिकायचे असते आणि रेल्वेला अनेक उन्हाळे काढायचे असतात. चिखल सुकताना आकसतो आणि भेगा पाडतो. काकांनी पोत्याच्या जागी खोक्याच्या पट्ट्या चटईसारख्या विणल्या, त्यावर जुन्या सुती साडीचे तुकडे खळीत भिजवून अंथरले आणि सर्वांत वर प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा पातळ हात दिला. खळ मैद्याची असल्याने झुरळे आणि कसर तिच्यावर तुटून पडतात. म्हणून पुस्तकबांधणी करणारे घालतात तसे त्यांनी तिच्यात चिमूटभर मोरचूद घातले. मोरचूद विषारी असते, तेव्हा खळीचे पातेले स्वयंपाकघरात परत जाता कामा नये.

टेकडीच्या पोटात थर्माकोल आहे, तोही शेजाऱ्यांच्या फ्रिजच्या खोक्यातला. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे. सुरीने कापला तर त्याचे दाणे घरभर उडतात, म्हणून काकांनी तापत्या तारेची करवत तयार केली. लाकडी चौकट, जुन्या शेगडीतली नायक्रोमची तार, 12 व्होल्टचा ॲडॉप्टर, आणि तारेच्या टोकाला बॉलपेनची स्प्रिंग. स्प्रिंग नसेल तर तापून लांबलेली तार लोंबते आणि काप वाकडा जातो. चौकट लोखंडी असेल तर वीज तारेला वगळून चौकटीतूनच निघून जाते. मिरजेची सतारीची तारही त्यांनी एकदा लावून पाहिली, पण पोलादाचा विद्युतरोध नायक्रोमपेक्षा बराच कमी असल्याने ॲडॉप्टरनेच मान टाकली. तार लाल होऊ द्यायची नाही, खिडकी उघडी ठेवायची, आणि घरातल्या 230 व्होल्टच्या प्लगला ही तार कदापि थेट जोडायची नाही.

(दृश्य : स्थानकाची इमारत, छपराजवळून.)

आरग आणि कवठेमहांकाळ यांच्या दरम्यान कुठेही शोभेल असे हे कल्पित स्थानक. भिंतींचा काळा दगड म्हणजे अंड्यांच्या ट्रेचे फाडलेले तुकडे. खरे कसब छपरात आहे. मंगलोरी कौलांसाठी पन्हळी पुठ्ठा वापरावा हे सर्वांना सुचते, पण किराणा मालाच्या खोक्याची एकेक पन्हळ सहा ते आठ मिलिमीटरची असते, म्हणजे 87 पटीने अर्ध्या मीटरहून रुंद. एवढे कौल कोणत्याही कारखान्यात निघत नाही. पाहणाऱ्याला चूक सांगता येत नाही, पण इमारत खोक्याची आहे हे लगेच जाणवते. स्वस्त वस्तू स्वस्त दिसते ती बहुधा अशीच, माप चुकल्यामुळे. मोबाइलच्या सुट्या भागांची जी लहान खोकी येतात, त्यांच्या पुठ्ठ्याची पन्हळ तीन मिलिमीटरच्या आसपास असते. ती 26 सेंटिमीटर भरते आणि खऱ्या कौलाच्या नऊ-दहा इंच रुंदीजवळ जाते. काका त्यावर ओला बोळा फिरवून वरचा कागद सोलतात, चार मिलिमीटरच्या आडव्या पट्ट्या कापतात आणि खालच्या ओळीवर वरची ओळ किंचित चढवत चिकटवतात. रंग द्यायचा तो गेरूचा.

शेजारच्या मालगोदामाला पत्रा आहे. खऱ्या पत्र्याची नागमोड साधारण तीन इंचांची. पाच मिलिमीटरच्या बोल्टाचे आटे 0.8 मिलिमीटर अंतरावर असतात आणि 87 पटीने ते पावणेतीन इंच भरतात. जेवणाच्या पार्सलबरोबर आलेल्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा तळ कापून सायकलच्या ट्यूबवर ठेवायचा आणि आट्यांचा रॉड त्यावरून लाटण्यासारखा दाबून फिरवायचा. रेषा सुबक उमटतात, पण सुमारे तीन अंशांनी तिरक्या, कारण आटे रॉडभोवती चढत गेलेले असतात. म्हणून पत्रा आधी लाटायचा आणि काटकोन नंतर रेषांना धरून कापायचा. काकांनी पहिला पत्रा उलट क्रमाने केला होता आणि तो अजून गोदामाच्या मागच्या बाजूला लपवलेला आहे.

झाडे तासगावकडून आली आहेत. बेदाणा तयार होताना मण्यांपासून सुटलेल्या देठांचा तिथे ढीग पडतो. वाळलेला घडाचा देठ हातात धरून पाहावा : जाड बुंधा, त्याला फुटलेल्या फांद्या, फांद्यांना बारीक डहाळ्या, आणि डहाळीच्या टोकाला मणी तुटल्याची गाठ. तारा पिळून केलेल्या झाडाला हे रूप सहसा येत नाही. गादीतला जुना फोम हिरव्या रंगाच्या पाण्याबरोबर मिक्सरमध्ये फिरवला की पाला मिळतो. “अहो, माझ्या चटणीच्या भांड्याला हात लावायचा नाही,” अशी काकूंची ताकीद असल्याने त्यासाठी भंगारातून वेगळे भांडे आणले गेले. बाभळीचा पाला विरळ आणि वरून सपाट ठेवला आहे. काथ्याचे पायपुसणे म्हणजे ज्वारीचे रान; दोन सेंटिमीटरचा काथ्या पावणेदोन मीटरचे पीक दाखवतो.

(दृश्य : गाडी स्थानकात येते आहे.)

इंजिनामागे पुठ्ठ्याचे तीन डबे आहेत. गाडी ओढ्यावरची मोरी ओलांडते, काथ्याच्या ज्वारीआड क्षणभर दिसेनाशी होते आणि फलाटाला लागते. स्थानकाच्या छपराच्या मागच्या उतारावर कौलांच्या अजून दोन ओळी बसायच्या आहेत, कारण बारीक पन्हळीचा पुठ्ठा संपला आहे. चौकातल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काकांनी खोकी फेकू नका असे सांगून ठेवले आहे, आणि संध्याकाळी फिरायला जाताना मोजपट्टी आजही त्यांच्या खिशात आहे.