टाकीवाल्यांच्या बाजूने

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'जैवअभियांत्रिकी: औषध, शेती आणि समाज' आणि वेळ दिलीय पाऊण तास, म्हणजे प्रत्येक भागाला पंधरा मिनिटं. तसं काही होणार नाही हे आत्ताच सांगून टाकतो. मला आधी एक जुनं दुखणं मोकळं करायचंय, मग उरलेल्या वेळात जे जमेल ते.

दुखणं असं, की जैवअभियांत्रिकी म्हटलं की बातमीत येते ती डीएनएची पिळदार शिडी आणि तिच्याशेजारी एक कात्री. कुणीतरी जीन इथून कापला, तिथे चिकटवला, औषध तयार, अभिनंदन. अहो, पण तयार कुठे? एका चिमुकल्या नळीत चार थेंब! ते चार थेंब लाखो लोकांच्या दंडात जायचे, रोज जायचे, आणि प्रत्येक थेंब कालच्या थेंबासारखाच असायला हवा, हे काम कोण करतं? टाकीवाले करतात. मोठ्या टाक्यांत औषध बनवणारे बॅक्टेरिया वाढवणारे, मग औषध गाळणारे, धुणारे. त्यांचा फोटो कुठे छापून आलेला बघितलाय तुम्ही? माझ्याकडे मुलं येतात, हुशार असतात, म्हणतात सर मला जीन एडिटिंगच करायचंय, ते प्युरिफिकेशन वगैरे नको, बोअर आहे. बोअर! (हसताय काय, तुमच्यातलेच आहेत.)

तर इन्सुलिनची गोष्ट घ्या. तुम्हाला माहीत असलेली अशी, की 1921 साली टोरंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले, इन्सुलिन सापडलं, नोबेल मिळालं. आता माझी ऐका. 11 जानेवारी 1922 ला लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या 14 वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. तो काळ असा की मधुमेहाच्या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवत, हा पोरगाही हाडांचा सापळा झालेला. स्वादुपिंडाचा गढूळ तपकिरी अर्क टोचला, साखर थोडीशी उतरली आणि टोचलेल्या जागी गळू झालं. थांबवलं. म्हणजे शोध लागला होता हो, पण औषध नव्हतं!

मग आला माझा माणूस, जेम्स कॉलिप. बायोकेमिस्ट, रजेवर तिथे आलेला, डिसेंबरात टीममध्ये शिरला. त्याने काय केलं, तर अल्कोहोलचं प्रमाण हळूहळू वाढवत नेलं. एका टप्प्याला बाकीची बरीच प्रथिनं साका होऊन खाली बसतात आणि इन्सुलिन वर द्रावणात राहतं, अजून थोडं अल्कोहोल वाढवलं की तेही खाली बसतं. त्या दोन टप्प्यांच्या मधली जागा त्याला सापडली. बस, एवढंच. 23 जानेवारीला त्याच मुलाला कॉलिपचा अर्क दिला आणि चोवीस तासांत रक्तातली साखर 520 वरून 120 वर आली, गळू नाही, काही नाही. म्हणतात की ही रीत सापडल्यावर कॉलिप ती सांगायला तयार नव्हता, आणि बँटिंगने त्याची गचांडी धरली. खरं किती, तिखटमीठ किती, कोण जाणे, पण भांडण कशावरून, तर गाळायच्या पद्धतीवरून! हे लक्षात ठेवा.

आणि आता खरी मजा. मोठ्या प्रमाणावर करायला गेले आणि कॉलिपला ते जमेना. ज्याने शोधलं त्यालाच जमेना! कित्येक आठवडे इन्सुलिनचा दुष्काळ, पेशंट वाट बघतायत, आणि हा माणूस रोज तेच करतोय आणि येतंय भलतंच. उन्हाळ्याच्या तोंडावर कशीबशी घडी बसली, आणि कारखान्याच्या पातळीवर गाडं रुळावर आलं ते एली लिली या अमेरिकन औषध कंपनीच्या जॉर्ज वॉल्डनने त्याच वर्षाच्या शेवटी द्रावणाची आम्लता नेमकी धरून इन्सुलिन खाली बसवायची रीत काढली तेव्हा. वॉल्डनचं नाव ऐकलं होतं कुणी? एकही हात नाही. बघा. 1923 चं नोबेल बँटिंग आणि प्रयोगशाळेचे प्रमुख मॅक्लाउड यांना. बँटिंगने आपले अर्धे पैसे बेस्टला दिले आणि मॅक्लाउडने कॉलिपला, म्हणजे निदान त्या दोघांना कळत होतं.

त्यानंतर साठेक वर्षं जगाचं इन्सुलिन डुकरांच्या आणि गाईबैलांच्या स्वादुपिंडांतून यायचं. दोन टनांहून जास्त माल घ्या तेव्हा जेमतेम पाव किलो शुद्ध इन्सुलिन. मधुमेही वाढत चाललेले, तेवढी जनावरं आणायची कुठून हा हिशोब 1970 च्या दशकात लोक गंभीरपणे करत होते.

मग 1978, जेनेन्टेक ही अमेरिकन कंपनी, बॅक्टेरियाकडून मानवी इन्सुलिन बनवून घ्यायला निघालेली. इथेही शर्यत होती. हार्वर्डच्या गिल्बर्टची टीम मानवी जीन घेऊन काम करणार, पण नियम इतके कडक की त्यांना इंग्लंडमध्ये पोर्टन डाउनला जावं लागलं, जिथे पूर्वी जैविक शस्त्रांवर काम चालायचं. आत जाताना कपडे बदला, बाहेर येताना अंघोळ करा, सगळं करून निकाल बघतात तर जीन उंदराचा! नमुन्यात भेसळ. इकडे जेनेन्टेकवाल्यांनी शक्कल लढवली, जीन माणसातून घेतलाच नाही, प्रयोगशाळेत रसायनांपासून जोडून बनवला, त्यामुळे ते नियम त्यांना लागूच होईनात. इन्सुलिनच्या दोन साखळ्या असतात, एक 21 अमिनो आम्लांची आणि एक 30 ची, त्या वेगवेगळ्या ई. कोलाय नावाच्या बॅक्टेरियात बनवल्या. पण एवढीशी साखळी दिसली की बॅक्टेरिया ती खाऊन टाकतो, म्हणून ती एका मोठ्या प्रथिनाच्या शेपटाला बांधून ठेवली. मग तोडायची कशी? सायनोजेन ब्रोमाइडने, महाभयंकर विष, पण ते फक्त मेथिओनिनपाशी तोडतं आणि मानवी इन्सुलिनमध्ये मेथिओनिन एकही नाही. काय नशीब! मला तर हे वाचताना आजही आनंद होतो, घरचे म्हणतात ह्याला काय झालं.

1982 ला मंजुरी मिळाली. या चार वर्षांत काय चाललं होतं, तर टाकी. चार माणसांचा स्वयंपाक येतो म्हणून चारशेंचा येतोच असं नाही ना, तसंच आहे हे. चंबूत वाढणारा बॅक्टेरिया हजारो लिटरच्या टाकीत टाकला की तो तापतो, आणि टाकी मोठी केली की उष्णता आकारमानाच्या पटीत वाढते पण थंड करायला भिंत त्या मानाने वाढत नाही. ऑक्सिजन पाण्यात विरघळतो लिटरला आठेक मिलिग्रॅम, आणि खाणारे अब्जावधी. जोरात ढवळा तर फेस, हळू ढवळा तर मधले गुदमरले. एक परका जंतू शिरला की सगळी टाकी नाल्यात. बरं, प्रथिन भरपूर बनलं तरी बऱ्याचदा पेशीत त्याचा गोळा होऊन बसतो, तो विरघळवा आणि परत नीट घडी घाला. वर ई. कोलायच्या बाहेरच्या आवरणातला एंडोटॉक्सिन नावाचा विषारी घटक, रक्तात गेला तर ताप, मोठ्या प्रमाणात गेला तर जीवच. तो गेला की नाही हे तपासायला कित्येक दशकं घोड्याच्या नालेसारख्या दिसणाऱ्या एका समुद्री प्राण्याचं (म्हणतात खेकडा, पण खरा खेकडा नव्हे) रक्त वापरतात, निळं असतं ते... नाही, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. आता त्याला पर्याय म्हणून जीन घालून बनवलेलं प्रथिन मिळतं, म्हणजे खेकडाही सुटायला हरकत नाही. असो. बऱ्याच औषधांत निम्म्याहून जास्त खर्च या गाळण्या-धुण्यातच जातो.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं.

शेती पटकन. हवाईत पपईवर रिंगस्पॉट व्हायरस पसरला, बागा जायला लागल्या, तेव्हा डेनिस गोन्साल्विस यांच्या टीमने व्हायरसच्याच आवरणाचा जीन पपईत घातला, 1998 ला शेतकऱ्यांना बी मिळालं आणि पपई वाचली. छान. बीटी घ्या, मातीतल्या बॅक्टेरियाचं प्रथिन झाडातच बनतं आणि अळीच्या आतड्याला भोकं पाडतं, हेही छान, पण दरवर्षी सगळीकडे तेच लावलं की ज्या थोड्या अळ्या तग धरतात त्यांचीच पिल्लावळ उरते. म्हणून शेजारी साध्या बियाण्याचा पट्टा ठेवायला सांगतात, म्हणजे साध्या अळ्याही उरतात आणि त्यांच्यात मिसळतात, आणि शेतकरी तो पट्टा ठेवायचा कंटाळा करतात. गोल्डन राइस, म्हणजे अ जीवनसत्त्व मिळावं म्हणून जीन घातलेला पिवळा तांदूळ, पोट्रिकस आणि बायर या शास्त्रज्ञांचा, 2000 साली जगासमोर आला, लागवडीला मंजुरी फिलिपिन्समध्ये 2021 ला, आणि 2024 मध्ये तिथल्या कोर्टाने ती काढून घेतली. जीन तयार होता हो 2000 ला!

आर्टेमिसिनिनचं सांगायलाच पाहिजे. मलेरियाचं औषध, वनस्पतीतून काढतात. जे किसलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या कामातून यीस्टमध्ये त्याचा आधीचा घटक लिटरला 25 ग्रॅम बनायला लागला, 2013 चा पेपर आहे, टाकीवाल्यांनी कमालच केली होती. आणि मग शेतातून येणाऱ्या मालाचा भाव पडला, टाकीचा माल महाग ठरला, कारखाना विकला गेला. तंत्र पूर्ण यशस्वी, बाजारात हरलं. माझ्या बाजूचं हे उदाहरण नाही, पण सांगितलं.

राहिला समाज, पाच मिनिटांत समाज! क्रिस्पर, म्हणजे जीन कापायची ती बातमीतली कात्री, 2012, नोबेल 2020, आणि सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी त्या कात्रीवर आधारलेल्या कॅसजेव्ही या उपचाराला पहिली मंजुरी नोव्हेंबर 2023 ला ब्रिटनमध्ये. पेशंटच्या मूळ पेशी काढायच्या, कारखान्यात नेऊन एडिट करायच्या, त्या तयार झाल्या की पेशंटची अस्थिमज्जा केमोथेरपीने रिकामी करायची, मग पेशी परत सोडायच्या. महिनोन्महिने चालतं. अमेरिकेत किंमत 22 लाख डॉलर. सिकल सेलचे बहुसंख्य पेशंट आफ्रिकेत आहेत. यात कात्रीचा खर्च किती असेल? प्रत्येक पेशंटसाठी वेगळी बॅच, वेगळी तपासणी, खर्च तिथे आहे, आणि तो उतरवायचा असेल तर उपचार थेट शरीरातच सोडता आला पाहिजे. 2025 मध्ये एका तान्ह्या बाळासाठी खास त्याच्यापुरतं एडिटिंग औषध बनवून असं दिलंही, पण एका बाळासाठी. आणि 2018 चा तो चीनमधला मानवी गर्भ एडिट करणारा शास्त्रज्ञ, त्याला 3 वर्षांची शिक्षा झाली, त्याबद्दल विचारणार असाल तर माझं मत साधं आहे: गरज नसताना, पुढच्या पिढ्यांवर, न विचारता. वाईट.

प्रश्न घेऊ. हो, जीएम, म्हणजे जीन बदललेलं पीक, खाल्लं की आपले जीन बदलतात का? नाही. प्रत्येक भाजीत, प्रत्येक दाण्यात जीन असतातच, ते पोटात पचतात, तसेच हेही पचतात. खाण्यावर आक्षेप घ्यायचाच तर बियाण्याची मालकी कुणाची यावर घ्या, तिथे मी तुमच्याबरोबर आहे. मागे ताई तुम्ही? मुलीला या क्षेत्रात घालू का? घाला की. फक्त तिला आधी विचारा, बंद पडलेला पंप खोलून परत जोडता येतो का.