हौदाबाहेरची पकड

पहाटेचे साडेपाच वाजले आहेत. पुण्यात बाणेर रस्त्यालगतच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या जिमचे शटर वर जाते, दिवे लागतात, आणि सहाच्या ठोक्याला येणाऱ्या पहिल्या माणसाची वाट पाहत एक बुटका, रुंद खांद्यांचा, दोन्ही कान चुरगळलेला माणूस दाराशी उभा राहतो. कुस्तीशी थोडाफार संबंध आलेल्याला हे कान लांबूनही ओळखू येतात. वर्षानुवर्षे डोके डोक्याला आणि मनगट मानेला घासून कानात रक्त साकळते, तिथेच घट्ट होते आणि कानाचा आकार कायमचा बदलतो. इथे येणाऱ्या बहुतेकांना मात्र ते एखाद्या अपघाताची खूण वाटतात. आपले नाव या माहितीपटात येऊ नये, एवढी एकच अट त्यांनी घातली होती, म्हणून गावाकडे सगळे म्हणतात तसे आपणही त्यांना पैलवानच म्हणू.

पैलवान मूळचे वारणाकाठचे. वयाच्या बाराव्या वर्षी वडिलांनी त्यांना एक पत्र्याची पेटी आणि तुपाचा डबा देऊन कोल्हापूरच्या तालमीत आणून सोडले. या शहरात कुस्ती राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने वाढली, त्यांच्याच काळात, 1912 मध्ये, खासबागेचे मैदान उभे राहिले, आणि गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींतून खेड्यापाड्यांतली पोरे आजही मुक्कामाला असतात. दिवस पहाटे चारला सुरू होतो. हौदातली लाल माती ताक, लिंबू, हळद, तेल आणि कापूर घालून मळलेली असते, आणि ती रोज फावड्याने खणून सारखी करणे हाच धाकट्या पोरांचा पहिला व्यायाम असतो. त्यानंतर जोर, बैठका, सपाट्या, आणि मग लढती.

बाहेरच्या माणसाला तालमीत ताकद दिसते. पैलवानांच्या मते तालमीत ताकदीपेक्षा हाताला अधिक शिकवले जाते. समोरच्याच्या मनगटावर आणि मानेवर हात पडला की त्याचा भार कोणत्या पायावर आहे, तो पुढे रेटणार आहे की मागे सरणार आहे, त्याचा दम कुठवर आला आहे, हे डोळ्यांआधी तळव्याला कळले पाहिजे. एकेरी पट काढायचा, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून ओढायचा, तो भार नसलेल्या पायाचा की असलेल्या, हा निर्णय विचार करून घेण्याइतका वेळ कुस्तीत नसतो. त्यांचे वस्ताद कधीकधी पोरांना डोळे मिटून एकमेकांना धरायला लावत आणि भार कुठल्या पायावर आहे ते सांगायला लावत. तेव्हा त्यांना तो वस्तादांचा लहरीपणा वाटायचा.

पंधरा वर्षे ते लढले. लहानपणी नारळावरच्या कुस्त्या, मग जत्रेच्या मैदानांत इनामाच्या जोडी, एकदा जिल्ह्याच्या निवड चाचणीत अंतिम फेरीपर्यंत मजल. अठ्ठाविसाव्या वर्षी एका मैदानात डाव उलटला, उजवा पाय मातीत रुतून राहिला, वरचे शरीर फिरले आणि गुडघ्यातून आवाज आला. शस्त्रक्रिया झाली, चालणे सुधारले, पण वळणावर त्या गुडघ्याचा भरवसा पुन्हा वाटला नाही.

इथे एका अडचणीबद्दल बोलले पाहिजे, कारण ती त्यांच्या एकट्याची नाही. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के समांतर आरक्षण आहे, परंतु त्यासाठी अधिकृत स्पर्धांतले प्रावीण्य प्रमाणपत्रांनिशी सिद्ध करावे लागते. जत्रेतल्या कुस्तीची नोंद हलगी वाजवणाऱ्याच्या आणि पारावरच्या म्हाताऱ्यांच्या आठवणीत पक्की असते, पण ती कोणत्याही कार्यालयाच्या खिडकीत चालत नाही. 1952 मध्ये हेलसिंकीहून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणणाऱ्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनाही तिथे पोहोचण्यासाठी वर्गणी गोळा करावी लागली होती आणि पुढे पोलीस खात्याच्या नोकरीत दिवस काढावे लागले. मग ज्यांच्याकडे पदकच नाही त्यांनी काय करायचे, हा प्रश्न तालमीत कोणी मोठ्याने विचारत नाही. पैलवानांनी वर्षभर सुरक्षारक्षकाचे काम केले आणि मग एका ओळखीच्या माणसाच्या शब्दावर ते जिममध्ये लागले.

पहिला आठवडा फसला. पंचेचाळिशीचे एक सॉफ्टवेअरवाले गृहस्थ पहिल्यांदाच व्यायामाला आले होते. पैलवानांनी त्यांना तालमीच्या हिशेबाने अगदी थोड्या, म्हणजे शंभर बैठका मारायला लावल्या आणि मधे थांबले की आवाज चढवला. गृहस्थांनी त्या पुऱ्या केल्या, दुसऱ्या दिवशी त्यांना जिना उतरता येईना, आणि ते पुन्हा कधीच आले नाहीत. तालमीत सहन न होणारा पोरगा आपोआप गळून जातो आणि उरलेल्यांतून पैलवान घडतो. वस्तादाला गळणाऱ्याचे सोयरसुतक नसते. इथे मात्र जो गळून जाईल त्याच्यासाठीच हे काम आहे, हे त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला. स्वतःच्या शरीराला एका ठरावीक दिवसासाठी ताणून तयार करणे वेगळे आणि स्पर्धा ज्याला कधी खेळायचीच नाही अशा माणसाला पुढची वीस वर्षे हिंडतेफिरते ठेवणे वेगळे.

पर्सनल ट्रेनर म्हणून काम मिळवायचे तर प्रमाणपत्र हवे होते, आणि अभ्यासक्रम इंग्रजीत होता. दहावीतल्या पुतणीला शेजारी बसवून त्यांनी स्नायूंची नावे पाठ केली. ज्याला आपण इतकी वर्षे मांडीची मागची शीर म्हणत होतो ते तीन स्नायू आहेत, हे कळल्यावर त्यांना फसवले गेल्यासारखे वाटले होते, असे ते हसत सांगतात. हृदय थांबल्यास छातीवर दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याचे शिक्षण, मिनिटाला 100 ते 120 दाब, हे मात्र त्यांच्या हाताने चटकन उचलले. सर्वांत अवघड गेला तो श्वास. जोर लावताना दम कोंडून धरायची तालमीतली सवय हाडीमाशी मुरलेली होती, आणि रक्तदाब असलेल्या माणसाने वजन उचलताना तसे केले तर दाब एकदम चढतो. म्हणून उचलताना श्वास सोडा, हे वाक्य ते दिवसातून कितीतरी वेळा म्हणतात. प्रौढांनी आठवड्यात किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम करावा आणि दोन दिवस स्नायूंना ताकदीचे काम द्यावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस त्यांनी पहिल्यांदा वाचली तेव्हा छपाईची चूक असावी, असे त्यांना वाटले होते. एवढे तर ते न्याहारीआधी करत असत.

खुराक मात्र त्यांनी स्वतःवर शिकला. मेहनत थांबली, पण दूध, तूप आणि बदामाची थंडाई थांबली नाही, आणि दोन वर्षांत पोट सुटले. अनेक जुन्या पैलवानांचे असेच होते.

आता सकाळचे सात. एक निवृत्त शिक्षिका येतात. वय सदुसष्ट, मधुमेह, आणि मागच्या पावसाळ्यात अंगणात पडल्याने मनात बसलेली भीती. पैलवान त्यांना बाई म्हणतात, बाई त्यांना सर म्हणतात, आणि दोघांनाही ते थोडे अवघडल्यासारखे होते. आधी ते साखर तपासली का, नाश्ता केला का, हे विचारतात. मग एक साधी लाकडी खुर्ची येते. हाताचा आधार न घेता तिच्यावरून उठायचे आणि सावकाश बसायचे, एवढाच आजचा व्यायाम आहे. तालमीत कोणी कोणाला धरण्यापूर्वी विचारत नाही. इथे ते प्रत्येक वेळी विचारतात, आणि बाईंनी मान हलवल्यावरच त्यांचा तळवा बाईंच्या पाठीवर, खांद्याच्या किंचित खाली, टेकतो. तो हात त्यांना उचलत नाही. तिसऱ्यांदा उठताना बाईंचा चेहरा आधीसारखाच असतो, पण पैलवान थांबायला सांगतात आणि विचारतात, “बाई, डावा गुडघा दुखतोय का?” बाई चकित होतात, कारण त्या काहीच बोललेल्या नसतात. भार उजवीकडे सरकल्याचे हाताला कळलेले असते.

पुस्तकातून आलेले ज्ञान त्यांच्या बरोबरच्या तरुण प्रशिक्षकांकडेही आहे, आणि इंग्रजी त्यांचे कितीतरी चांगले आहे. तरीही पाठदुखी, गुडघेदुखी, पडण्याची भीती घेऊन आलेली माणसे जिमचे व्यवस्थापन हल्ली पैलवानांकडे पाठवते. डोळे मिटून जोड धरायला लावणारे वस्ताद आता हयात नाहीत.

दहाच्या सुमारास जिम रिकामी होते. संध्याकाळी सहापर्यंत फारसे कोणी फिरकत नाही. पैलवान खालच्या टपरीवरून बिनसाखरेचा चहा आणतात, खिडकीपाशी बसतात आणि दोनशे पानी वही उघडतात. प्रत्येक माणसाला एक पान. बाईंच्या पानावर आजची तारीख घालून ते मोठ्या, तिरप्या अक्षरांत लिहितात: डावा गुडघा. खुर्ची चार बोटे उंच. पाच वेळाच.