पट्टी सरकते खाली

(अमळनेर. दुपारचे दोन. अर्धं ओढलेलं शटर. आत कूलरची घरघर.)

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आली आहे. खान्देशात आखाजी म्हणजे माहेरी आलेल्या लेकी, लिंबाला बांधलेले झोके, आमरस आणि लग्नंच लग्नं. बोरी नदीचं पात्र कोरडं पडलंय. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या दुकानात मात्र पाय ठेवायला जागा नाही. पत्रिका, फ्लेक्स, झेरॉक्स, सातबारा, पीकविम्याचा अर्ज, सगळं इथे एका छपराखाली होतं.

अमळनेरला संगणक तसा परका नाही. १९४५ साली याच गावात वनस्पती तुपाचा एक कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली. डालड्याच्या जातभाईपासून थेट संगणकापर्यंत! गावकरी हे पाहुण्याला चहाच्या आधी सांगतात. आम्हालाही सांगितलं.

पण आम्ही आलोय ते कोपऱ्यातल्या खुर्चीवरच्या माणसाला भेटायला. गाव त्यांना सर म्हणतं. दुकान त्यांच्या भाच्याचं, म्हणून दुकानात ते मामा. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी आयुष्यभर पोरांना मिनिटाला तीस आणि चाळीस शब्दांच्या परीक्षांना बसवलं. आता ती परीक्षाही संगणकावर होते, जीसीसी-टीबीसी या नावानं. यंत्रं भंगारात गेली. एक गोदरेजचं मराठी यंत्र भाच्यानं हट्टानं ठेवून घेतलंय, त्याच्यावर सध्या पत्रिकांचे नमुने रचलेत.

(कॅमेरा टेबलावर. कीबोर्ड. शेजारी माऊस, उलटा ठेवलेला, पोट वर.)

हा माऊस बिघडलेला नाही. सर कामाला बसले की आधी तो उताणा करतात. कारण विचारलं तर म्हणाले, "माले माऊस जमस नही."

त्यांचा उजवा हात थरथरतो. कपबशी उचलली की बशी वाजते. कीबोर्डवर मात्र तोच हात अजून चालतो. बोटाला कळ माहीत आहे, ती दाबली की काम संपलं. माऊसनं विंडो ओढायची म्हणजे बटण दाबून धरा, धरलेलं सोडू नका, हात स्थिर ठेवा, आणि बरोबर जागी आल्यावरच सोडा. विंडोचा आकार बदलायचा तर त्याहून वाईट. ती कडा केसाएवढी. तिच्यावर बाण नेमका टेकला तरच तो दुतोंडी होतो. सरांचा बाण कडेच्या अलीकडे जातो, पलीकडे जातो, कडेवर काही थांबत नाही.

आणि एक गंमत, म्हणजे सरांसाठी गंमत नव्हे. २००९ साली विंडोज ७ आलं तेव्हा त्यात एक युक्ती होती. विंडोची वरची पट्टी धरून ती जोरात हलवली, की बाकीच्या सगळ्या विंडो खाली गडप होतात. पुन्हा हलवली की परत येतात. दुकानातल्या विंडोज १० मध्येही ती आहे. युक्ती ज्यानं काढली त्याचे हात धडधाकट असणार. सर विंडो नुसती सरकवायला जायचे, हात थरथरायचा, संगणकाला वाटायचं यांना बाकी काही नको आहे. समोरचा सगळा पसारा क्षणात नाहीसा. सर ओरडायचे, "कथी गयी रे ती?" आणि गिऱ्हाइकाला सोडून भाचा धावत यायचा.

हे दोन-तीन महिने चाललं. मग भाच्यानं एके रात्री दुकान बंद केल्यावर मामांना दोन कळा दाखवल्या. ऑल्ट आणि स्पेसबार.

(पडदा जवळून. विंडोच्या डाव्या कोपऱ्यात छोटा मेनू उघडतो.)

हा मेनू तुमच्याही संगणकात आहे. रिस्टोर, मूव्ह, साइझ, मिनिमाइझ, मॅक्झिमाइझ, क्लोज. मूव्हसाठी एम दाबायचं. बाण विंडोच्या माथ्यावर जाऊन चौतोंडी होतो. आता बाणाच्या कळा. खालची दाबली, विंडो खाली. उजवी दाबली, उजवीकडे. दर दाबाला ती एक ढांग टाकते. आणि कंट्रोल धरून तीच कळ दाबली की ढांगेचं पाऊल होतं, अगदी एक पिक्सेल. पडद्यावर त्याहून लहान काही नाही. जागा पसंत पडली की एंटर. नाही पडली तर एस्केप, विंडो निमूट पहिल्या जागी.

साइझचं थोडं वेगळं. एस दाबल्यावर पहिला बाण कडा निवडतो. उजवा दाबला तर उजवी कडा हातात आली, मग उजवा-डावा करत ती सरकवायची. उजव्यानंतर वरचा दाबला तर वरचा उजवा कोपरा. ही पहिल्या बाणाची भानगड कुणी सांगितली नाही तर माणूस गोंधळतो. पहिल्या दाबाला विंडो जागची हलत नाही, त्याला वाटतं बंद पडलं.

यात एक खोड आहे. मूव्ह चालू असताना माऊसला धक्का लागला, तर विंडो माऊसच्या मागे जाते. म्हणून तो टेबलावर उताणा.

भाचा म्हणतो, मी फक्त कळा दाखवल्या, त्याचं पुढे जे केलं ते मामांचं डोकं.

(लग्नपत्रिकेच्या यादीचा फोटो. वहीचं पान, निळी शाई, कडेला चहाचा डाग.)

पत्रिकेचं काम कसं येतं बघा. वरपिता वहीच्या पानावर नावं लिहितो, फोटो काढतो, व्हॉट्सॲपवर टाकतो. आपले नम्र, निमंत्रक, कार्यवाहक, समस्त अमुक परिवार. खान्देशात पत्रिकेवर नाव नसणं म्हणजे साधी चूक नाही. त्यावरून भाऊबंदकी पेटते, माणसं मांडवात येत नाहीत, आली तर पंगतीला बसत नाहीत. यादीत एकाखाली एक तीन 'भाऊसाहेब' असले, की टंकणाऱ्याची नजर पहिल्यावरून तिसऱ्यावर उडी मारते आणि मधला भाऊसाहेब जन्माचा दुखावतो. मागच्या वर्षी या दुकानातून असं एक नाव गळलं. पाचशे पत्रिका परत छापल्या. पैसे अर्थातच दुकानाचे.

जुन्या टंकलेखकाकडे यावर उपाय असायचा. समोरच्या कागदावर लाकडी पट्टी. एक ओळ टंकली की पट्टी एक ओळ खाली. इन्स्टिट्यूटमध्ये पोरगं पट्टीशिवाय बसलं तर सर तीच पट्टी उचलायचे, हे त्यांच्या एका विद्यार्थ्यानं आम्हाला कॅमेरा बंद असताना सांगितलं.

आता बघा.

(पूर्ण पडदा. मागे यादीचा फोटो, पडदाभर. पुढे नोटपॅड.)

फोटो मागे, मोठा करून. पुढे नोटपॅड, नावं आधी तिथे टंकायची आणि मग पत्रिकेत ओतायची. ऑल्ट, स्पेस, एस. खालचा बाण, मग वरचा, वरचा, वरचा. नोटपॅड दबत दबत एक बुटकी पट्टी उरली, तीन-चार ओळी मावतील एवढी. एंटर. ऑल्ट, स्पेस, एम. पट्टी वर नेली, पहिल्या नावाच्या बरोब्बर खाली. कंट्रोल धरला. एक पिक्सेल. अजून एक. नावातला उकार झाकला गेला होता, एक पिक्सेल मागे. एंटर.

आता पट्टीच्या माथ्यावर जे नाव दिसतंय ते टंकायचं. त्याखालचं काही दिसतच नाही, मग नजर उडी मारणार कुठे? टंकून झालं, पुन्हा ऑल्ट, स्पेस, एम, खाली, एंटर. पुढचं नाव उघडं पडलं.

आम्ही विचारलं, फोटोच वर का सरकवत नाही? सर हसले. फोटो सरकवायचा तर आधी फोटोत जायला हवं, मग परत नोटपॅडात यायला हवं. इथे ते नोटपॅड सोडतच नाहीत. लिहायची जागाच यादीवरून खाली चालत जाते.

वहीच्या दोन ओळींमधलं अंतर ते मोजून ठेवतात. "याचं सात आणि तीन," असं त्यांनी पुटपुटलं. म्हणजे सात साधे दाब, तीन कंट्रोलचे. पुढच्या यादीचं वेगळं येईल. मोजायची सवय यंत्राची आहे. यंत्रावर शीर्षक मध्यावर आणायचं तर कॅरेज कागदाच्या मध्यावर न्यायची, शीर्षकातली अक्षरं मोजायची, आणि दर दोन अक्षरांना एकदा बॅकस्पेस. जिथे थांबाल तिथून टंका, शीर्षक मधोमध. ज्यानं हे वर्षानुवर्षं केलं, त्याला सात आणि तीनचं काय.

(संग्रहातील जुने संगणक. हिरवी अक्षरं.)

या कळा आल्या कुठून? १९८५ साली विंडोजची पहिली आवृत्ती निघाली तेव्हा विंडो एकमेकींवर चढत नव्हत्या, फरशीसारख्या शेजारी शेजारी बसायच्या. १९८७ च्या डिसेंबरात दुसरी आवृत्ती आली आणि विंडो एकीवर एक येऊ लागल्या. त्याच वर्षी आयबीएमनं कॉमन यूझर ॲक्सेस नावाचे नियम काढले, कुठल्या कळेनं कुठल्याही प्रोग्रॅममध्ये काय व्हावं याचे. तेव्हा माऊस प्रत्येक टेबलावर नव्हता, म्हणून माऊसचं जे काम, ते कीबोर्डनंही झालंच पाहिजे असा दंडक होता. ऑल्ट एफ फोरनं विंडो बंद होते ती तिथूनच. ऑल्ट एफ सेव्हननं हलवायची आणि ऑल्ट एफ एटनं आकार बदलायचा हेही तिथलंच. विंडोजमध्ये ही शेवटची जोडी आता कुणाच्या बोटात राहिली नाही. लिनक्स या दुसऱ्या प्रणालीवरच्या ग्नोम नावाच्या डेस्कटॉपमध्ये मात्र ती अजून चालते, आणि तिथेही कंट्रोल धरला की पाऊल बारीक होतं.

ऑल्ट-स्पेसवर अलीकडे इतरांचाही डोळा आहे. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या जादा साधनांच्या संचातला शोधायचा डबा, पॉवरटॉइज रन, बसवल्यावर हीच जोडी स्वतःकडे घेतो. सेटिंगमध्ये ती बदलता येते. भाच्यानं तो बसवला त्या दिवशी मामांनी जेवण केलं नाही, असं भाच्याची बायको सांगते. भाचा म्हणतो, ती तिखटमीठ लावून सांगतेय.

तरुण मंडळी विंडोजची कळ आणि बाण वापरतात. डावा बाण, विंडो अर्ध्या पडद्यावर. उजवा, दुसऱ्या अर्ध्यावर. २०२१ च्या विंडोज ११ मध्ये विंडोजची कळ आणि झेड दाबलं की मांडणीचे तयार साचे समोर येतात. झटपट काम आहे, भाचा दिवसभर तेच करतो, एका बाजूला आधार कार्ड, दुसऱ्या बाजूला अर्ज. सरांना अर्ध्याचं काम नाही. त्यांना उकाराच्या एक पिक्सेल खाली हवं.

(शटर वर होतं. एक माणूस लॅपटॉप काखेत घेऊन आत.)

शूटिंगच्या मध्येच हे गुरुजी आले. जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रोजेक्टर लावला होता, तो काढला, आणि आता निकालाचा तक्ता उघडतच नाही. टास्कबारवर चालू दिसतो, क्लिक केलं तर काही नाही. पडद्यावर फक्त वारली चित्राचा वॉलपेपर. गुरुजींना घाम फुटलेला. भाचा फ्लेक्सच्या मशीनवर अडकलेला, तिथूनच ओरडला, "मामा, बघा जरा!"

सरांनी लॅपटॉप ओढून घेतला. तक्ता हरवला नव्हता. प्रोजेक्टरचा पडदा लॅपटॉपच्या उजवीकडे आहे असं संगणकाच्या मनात अजून बसलं होतं, आणि तक्ता त्या नसलेल्या पडद्यावर उभा होता. ऑल्ट-टॅबनं तक्ता निवडला. ऑल्ट, स्पेस. मेनूचंही टोक नीट दिसेना. मूव्ह फिकट होतं, दाबलं जाईना. विंडो मॅक्झिमाइझ असली की मूव्ह चालत नाही. म्हणून आधी आर, रिस्टोर. पुन्हा ऑल्ट, स्पेस, एम. डावा बाण एकदा. आणि मग त्यांनी तो डावा बाण दाबून धरला.

दोन सेकंद काही नाही. मग उजव्या कडेनं तक्त्याचा कोपरा आत आला. मग रकाने. मग मुलांची नावं.

"हाई आठेच शे," सर म्हणाले आणि एंटर दाबलं.

गुरुजी पैसे द्यायला लागले. भाच्यानं घेतले नाहीत, मामा घ्या म्हणाले. शेवटी उसाचा रस आला, आम्हालाही.

(संध्याकाळ. यादीच्या पानाचा तळ.)

यादी संपत आली. एक अडचण शेवटी येतेच. नावं पडद्याच्या तळाला पोचली की पट्टीला खाली जायला जागा उरत नाही. मग सर ती उचलतात आणि ओळीच्या वर ठेवतात. आता पट्टीच्या खाली जे दिसेल ते टंकायचं, आणि क्रम उलटा नको म्हणून पट्टी वरून खाली, झालेली नावं झाकत.

तीन भाऊसाहेब सुखरूप उतरले. आम्ही मोजले.

पानाच्या अगदी शेवटी, दुसऱ्या अक्षरात, बहुधा घरातल्या एखाद्या पोरानं लिहिलेली ओळ होती: आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं.

सरांनी ती टंकली आणि पुढे एक उद्गारचिन्ह दिलं. भाचा मागे येऊन उभा होता.

"मामा, दोन द्या. सगळे दोन देतात."

"एकच असतं रे."

"गिऱ्हाईक विचारेल, दुसरं कुठं गेलं."

कूलर बंद झाला, दिवे गेले. यूपीएस टुकटुकायला लागला. अंधारात दोघांचं उद्गारचिन्हावरून चालूच होतं.