गुरुवारची फॅनी

(दृश्य : न्यूयॉर्क, 52वा रस्ता. ऑगस्ट विल्सन नाट्यगृहाची दर्शनी पाटी. संध्याकाळची रांग.)

ब्रॉडवे आणि आठव्या ॲव्हेन्यूच्या दरम्यान असलेले हे नाट्यगृह 1925 साली उभे राहिले. 2005 पासून ते नाटककार ऑगस्ट विल्सन यांच्या नावाने ओळखले जाते. त्यात सुमारे 1,200 प्रेक्षक बसतात. मार्च 2022 पासून सप्टेंबर 2023 पर्यंत येथे ‘फनी गर्ल’ या संगीत नाटकाचे प्रयोग होत होते, आणि त्या दीड वर्षात नाटकाच्या कथेपेक्षा, नेपथ्यापेक्षा आणि संगीतापेक्षाही एकाच प्रश्नाची चर्चा अधिक झाली : नायिका फॅनी ब्राइसची भूमिका कोण करणार?

(दृश्य : कार्यक्रमपत्रिका उघडते. पानांतून एक पांढरी चिठ्ठी बाहेर येते. चिठ्ठी जवळून.)

हा कागद नीट पाहावा. ठरलेली कलावंत आज काम करणार नसून तिच्या जागी दुसरी उभी राहणार आहे, एवढेच त्यावर एका ओळीत छापलेले असते. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, असा बदल प्रेक्षकांना कळवण्याची रीत आहे. कधी तो या चिठ्ठीतून कळतो, कधी प्रवेशदालनातील फलकावरून, तर कधी पडदा उघडण्यापूर्वीच्या घोषणेतून. घोषणा झाली की प्रेक्षागृहातून एक लांब सुस्कारा ऐकू येतो. जाहिरातीत ज्यांचे नाव नाटकाच्या नावाच्याही वर छापलेले असते, ते मुख्य कलाकार नसतील तर सहसा तिकिटाचे पैसे परत मिळतात किंवा तारीख बदलून मिळते. त्यामुळे काही जण तेथूनच तिकीट खिडकीकडे वळतात. चिठ्ठीवर जिचे नाव आहे, ती त्या वेळी आत आरशासमोर बसून रंगभूषा करत असते.

(दृश्य : 1964 मधील छायाचित्रे. विंटर गार्डन नाट्यगृह.)

या सुस्काऱ्याचे मूळ जुने आहे. फॅनी ब्राइस ही खरोखर होऊन गेलेली विनोदी अभिनेत्री होती. 1891 साली न्यूयॉर्कमध्ये तिचा जन्म झाला आणि निर्माते झिगफेल्ड यांच्या भव्य रंगमंचीय कार्यक्रमांतून ती नावारूपाला आली. तिच्या आयुष्यावर नाटक करावे, ही कल्पना तिचे जावई असलेल्या निर्माते रे स्टार्क यांनी उचलून धरली. ज्यूल स्टाइन यांनी संगीत दिले, बॉब मेरिल यांनी गीते लिहिली आणि इझोबेल लेनर्ट यांनी संहिता लिहिली. मुख्य भूमिकेसाठी मेरी मार्टिन, ॲन बँक्रॉफ्ट, कॅरल बर्नेट अशा नामवंत अभिनेत्रींचा विचार झाला होता. शेवटी ती भूमिका मिळाली बार्ब्रा स्ट्रायसँड यांना, आणि 26 मार्च 1964 रोजी नाटकाचा पडदा उघडला तेव्हा त्यांचे वय होते अवघे 21.

आज ज्या निवडीला सर्वजण अटळ मानतात, ती त्या दिवशी एक मोठे धाडस होते, हे विसरून चालणार नाही. त्या वर्षीचा ब्रॉडवेचा टोनी पुरस्कारही स्ट्रायसँड यांना मिळाला नाही. तो ‘हॅलो, डॉली!’साठी कॅरल चॅनिंग यांना मिळाला. पुढे 1968 साली चित्रपट आला, त्याने स्ट्रायसँड यांना ऑस्कर मिळवून दिले आणि भूमिका व अभिनेत्री यांच्यातील सीमारेषाच पुसली गेली.

(दृश्य : जुन्या कार्यक्रमपत्रिका, एकीवर मिमी हाइन्स यांचे नाव.)

या छायाचित्रापाशी क्षणभर थांबू. स्ट्रायसँड डिसेंबर 1965 मध्ये नाटक सोडून गेल्या आणि त्यानंतर जुलै 1967 पर्यंत, म्हणजे सुमारे दीड वर्ष, फॅनीची भूमिका मिमी हाइन्स यांनी केली. एकूण 1,348 प्रयोगांच्या त्या यशात त्यांचा वाटा फार मोठा आहे. पण ‘फनी गर्ल’ म्हटल्यावर त्यांचे नाव सहसा कोणाच्या ओठी येत नाही.

(दृश्य : 2022. नव्या प्रयोगाची भित्तिपत्रके, दिवे, गर्दी.)

त्यानंतर सुमारे 55 वर्षे हे नाटक ब्रॉडवेवर परतले नाही. 2011 साली लॉरेन अँब्रोझ यांना घेऊन एक प्रयत्न झाला, परंतु तो तालमींपर्यंत पोहोचण्याआधीच मागे घेतला गेला. दरम्यान लंडनमध्ये मायकेल मेयर यांच्या दिग्दर्शनाखाली आणि हार्वी फायरस्टीन यांनी फेरमांडणी केलेल्या संहितेसह शेरिडन स्मिथ यांनी ही भूमिका केली. तोच प्रयोग न्यूयॉर्कला येणार, अशी बातमी ऑगस्ट 2021 मध्ये आली. फॅनी म्हणून बीनी फेल्डस्टीन यांचे नाव जाहीर झाले आणि त्याच दिवशी समाजमाध्यमांवर चर्चा सुरू झाली ती लीया मिशेल यांची. दूरचित्रवाणीवरील ‘ग्ली’ या मालिकेत मिशेल यांनी फॅनीच्या भूमिकेचे स्वप्न पाहणाऱ्या मुलीचे काम केले होते, आणि मालिकेतील त्या मुलीचा हक्क प्रेक्षकांनी खऱ्या अभिनेत्रीच्या नावावर लिहून टाकला होता. या भूमिकेतला फेल्डस्टीन यांचा एकही स्वर तोपर्यंत कोणी ऐकलेला नव्हता.

24 एप्रिल 2022 रोजी, स्ट्रायसँड यांच्या 80व्या वाढदिवशी, नाटकाचे रीतसर उद्घाटन झाले. फेल्डस्टीन यांच्या विनोदाचे आणि रंगमंचावरील आपुलकीचे कौतुक झाले, मात्र पहिल्या अंकाच्या शेवटी येणाऱ्या ‘डोन्ट रेन ऑन माय परेड’सारख्या गाण्यांना त्यांचा आवाज पुरत नाही, असे अनेक समीक्षकांनी स्पष्ट लिहिले. ही टीका आवाजापुरती राहिली असती, तर ती रास्त होती. टोनी पुरस्कारांत या नाटकाला एकच नामांकन मिळाले, आणि ते नर्तक-अभिनेते जेरेड ग्राइम्स यांच्या वाट्याला आले.

(दृश्य : कलाकारांच्या प्रवेशद्वाराची काळी चौकट. दार उघडते, बंद होते.)

नाट्यगृहात कॅमेरा नेण्यास मनाई असल्याने आमचे बहुतेक चित्रण या दाराबाहेरचे आहे. याच दारातून जूली बेंको रोज आत जात असत.

ठरलेल्या कलावंताच्या जागी उभ्या राहणारीला मराठी रंगभूमीवर आपण सरसकट ‘रिप्लेसमेंट’ म्हणतो. ब्रॉडवेवर तिचे तीन प्रकार आहेत. अंडरस्टडी रोज समूहात नाचते-गाते आणि वेळ आली की मोठ्या भूमिकेत उभी राहते. स्विंग ही समूहातील अनेकांच्या जागा, त्यांच्या पावलांसकट, पाठ ठेवते. स्टँडबायला रोजच्या प्रयोगात काहीच काम नसते, पण तिने सदैव तयार असायचे असते. बेंको या फॅनीच्या स्टँडबाय होत्या. त्याआधी त्यांनी ‘ले मिझेराब्ल’ आणि ‘फिडलर ऑन द रूफ’ या नाटकांत काम केले होते.

स्टँडबायचे शिक्षण बहुतांशी पाहून होते. मुख्य अभिनेत्रीच्या तालमी चालू असताना ती कडेला वही घेऊन बसते : कोणत्या शब्दावर वळायचे, कोणत्या मात्रेवर टोपी काढायची, कोणत्या विंगेत वेशभूषेची सहायिका झगा हातात धरून उभी असेल. नाटक सुरू झाल्यावर तिच्या वेगळ्या तालमी होतात, आणि त्यांत बहुधा मुख्य नट नसतात, पूर्ण प्रकाशयोजना नसते, वाद्यवृंदाऐवजी एक पियानो असतो. फॅनी जवळजवळ प्रत्येक प्रवेशात असते, आणि ही सगळी भूमिका अंगात मुरवून ठेवायची ती कदाचित कधीच करावी लागणार नाही हे गृहीत धरून. निरोप कधी आदल्या दिवशी येतो, कधी पडदा उघडायला तासभर उरला असताना. साथीच्या काळात हे निरोप वारंवार येऊ लागले. फेल्डस्टीन यांना जूनमध्ये कोविड झाला, तेव्हा चिठ्ठीवर बेंको यांचे नाव आले.

(दृश्य : ऑगस्ट 2022. प्रयोगानंतर दाराबाहेर थांबलेले लोक, हातात कार्यक्रमपत्रिका आणि शाईची लेखणी.)

जुलैमध्ये घडामोडी वेगाने झाल्या. सप्टेंबरच्या अखेरीस निरोप घेणार असलेल्या फेल्डस्टीन यांनी आपण 31 जुलैलाच थांबत असल्याचे जाहीर केले, आणि दुसऱ्याच दिवशी निर्मात्यांनी लीया मिशेल यांचे नाव घोषित केले. मधला महिना बेंको यांच्याकडे आला. त्या महिन्यात तिकीट काढणाऱ्याला आपण कोणाला ऐकायला चाललो आहोत हे ठाऊक होते. त्यांच्याकडून 1964 ची पुनरावृत्ती व्हावी, अशी अपेक्षा घेऊन कोणी आलेले नव्हते, आणि म्हणूनच कदाचित या नाटकाच्या वाट्याला आलेले सर्वांत मोकळे कान त्या महिन्यातले होते. दाराबाहेरचे हे चेहरे पाहावेत.

(दृश्य : 6 सप्टेंबर 2022. रस्त्यापलीकडून दिसणारी गर्दी.)

6 सप्टेंबरच्या रात्री मिशेल यांनी रंगमंचावर पाऊल टाकताच टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि प्रयोग चालू असतानाच प्रेक्षक अनेकदा उठून उभे राहिले. त्या गायल्याही तितक्याच ताकदीने; त्याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. त्यांच्या जुन्या सहकलाकारांनी 2020 साली त्यांच्या वागणुकीविषयी तक्रारी केल्या होत्या आणि मिशेल यांनी तेव्हा माफीही मागितली होती. त्या रात्रीच्या जल्लोषात हा विषय मागे पडला. काही दिवसांतच मिशेल यांना कोविड झाला आणि फॅनीचा वेश पुन्हा बेंको यांच्या अंगावर आला.

(दृश्य : वेळापत्रकाचा फलक. ‘गुरुवार’ या शब्दावर कॅमेरा स्थिरावतो.)

आठवड्याच्या आठ प्रयोगांपैकी बहुतेक गुरुवारचा प्रयोग आता अधिकृतपणे बेंको यांचा होता. नाटकाची ध्वनिमुद्रिका मिशेल यांच्या आवाजात निघाली, उत्पन्न वाढले, आणि 599 प्रयोगांनंतर 3 सप्टेंबर 2023 रोजी नाटक थांबले.

(दृश्य : गुरुवार, रात्र. प्रेक्षक बाहेर पडत आहेत. एक वृद्ध स्त्री कठड्याशी थांबते, पांढरी चिठ्ठी कार्यक्रमपत्रिकेत परत ठेवते आणि ती पिशवीत सरकवते. मूळ ध्वनी चालू राहतो.)

या बाईंनी मिशेल यांच्यासाठी तिकीट काढले होते. चिठ्ठी वाचूनही त्या परत गेल्या नाहीत.

(दार उघडते.)