एका बोटाचा वाद्यवृंद

[दृश्य: कीबोर्डवर डावा हात. एकच बोट.]

पांढरी एक, म्हणजे इथला सा. फक्त तेवढीच दाबली.

[ताल सुरू होतो]

बेस आला, ड्रम आले, मागे गिटारही वाजायला लागली. वाजवणारा एकटा, त्यातही बोट एकच. हा अरेंजर कीबोर्ड. आपल्याकडे मात्र याचं नाव कॅसिओ. कंपनी कुठलीही असो. "यामाहाचा कॅसिओ घेतला" असं म्हणणारे लोक घरोघरी सापडतील.

आत काय चालतं? कारखान्यातच प्रत्येक ठेक्याची साथ एका ठरावीक कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीत, भरून ठेवलेली असते. तुम्ही बोट हलवलं की बेस आणि गिटारचे स्वर नव्या कॉर्डवर सरकतात, ड्रम जागचे हलत नाहीत. पांढऱ्या एकला यंत्र सा-ग-प धरतं. कोमल गंधाराची, म्हणजे मायनर कॉर्ड हवी? यामाहावर त्याच पट्टीच्या डावीकडची एखादी काळी सोबत दाबायची. झालं. तीन बोटांची कॉर्ड बसवायला जे महिने जायचे, ते वाचले.

[दृश्य: जुना, छोटा कॅसिओ]

कॅल्क्युलेटरसाठी ओळखल्या जाणाऱ्या कॅसिओने १९८० साली 'कॅसिओटोन २०१' बाजारात आणला. पुढच्याच वर्षी छोटा एमटी-४० आला. त्यातले ठेके बसवले हिरोको ओकुदा या नव्यानेच नोकरीला लागलेल्या तरुणीने. ती संगीत महाविद्यालयातून आलेली, आणि तिचा प्रबंध होता जमैकाच्या रेगे संगीतावर! 'रॉक' या नावाखाली तिने भरलेला एक ठेका जमैकात पोहोचला. १९८५ मध्ये गायक वेन स्मिथचं 'अंडर मी स्लेंग टेंग' हे गाणं त्यावरच उभं राहिलं. निर्माता किंग जॅमीने लय संथ केली. पट्टीचे वादक ज्याला खेळणं म्हणून हिणवत होते, त्याने एका देशाच्या नाचगाण्याचा बाज बदलला.

त्याच काळात, १९८३ मध्ये, यामाहाचा डीएक्स-७ सिंथेसायझरही गाजत होता. पण त्यात स्वतःचा आवाज घडवणं इतकं किचकट, की बहुतेक जण तयार आवाजांवरच भागवत. अरेंजरने ती परीक्षाच घेतली नाही. ठेका निवडा, बोट ठेवा, वाजवा.

[दृश्य: भारतीय मॉडेल, तबल्याचा आवाज]

आपल्या बाजारासाठी मग यामाहाने पीएसआर-आय मालिका काढली. तबला, तानपुरा, रियाजाची सोय. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तेवढी पट्ट्यांवर काही जमत नाही. पेटीवालेही त्याच रांगेत, म्हणून ती तक्रार फारशी कुणी करत नाही.

[दृश्य: रंगमंचामागे, ऑर्केस्ट्राची तयारी]

पण ऑर्केस्ट्राच्या धंद्यात कीबोर्ड टिकला तो मला वाटतं एका छोट्या बटणामुळे. ट्रान्सपोज. बोटं तिथेच, सूर वर-खाली. गायिका येऊन म्हणते, "दादा, आज काळी दोनमध्ये घ्या, घसा बसलाय." साध्या पेटीवर सगळी बोटं नव्याने मांडावी लागली असती. काळी दोन ही पांढरी एकपासून तिसरी पट्टी, म्हणून दादा बटण तीनदा दाबतात आणि वाजवतात मात्र पांढरी एकच.

[ठेका सुरू होतो. गायिका माईकपाशी जाते.]